खाली दुकान, वर कुलूप

बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी घरांबद्दल बोलायचं ठरवलं, तेव्हा ग्वाल्हेर, इंदूर, धार, सागर, बडोदा अशा गावांहून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. गावातलं जुनं घर भर बाजारात आहे, खाली दुकानं आहेत, वर कोणी राहत नाही. त्याचं करायचं काय? मी वास्तुविशारद आहे, जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करते. त्यामुळे आज भावनेची बाजू थोडी आवरती घेऊन, अशी जागा पुन्हा वापरात कशी येते आणि कुठे अडते, ते सांगते. उदाहरणाला झाशी घेऊ. एक तर मी तिथे काम केलं आहे, आणि दुसरं म्हणजे झाशीच्या भर बाजारात असं एक घर उभं आहे की ज्याचं काम बदललं म्हणून ते आज आपल्याला बघायला मिळतं.

ते घर म्हणजे राणीमहाल. लोक किल्ला बघतात, फोटो काढतात आणि पुष्कळदा इथे न येताच ओरछ्याला निघून जातात. राणीमहाल किल्ल्यात नाही, खाली शहरात, बाजाराच्या गर्दीत आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नेवाळकर घराण्यातल्या रघुनाथरावांच्या काळात तो बांधला गेला. हे नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. १८५४ मध्ये डलहौसीनं दत्तकविधान नाकारून झाशी खालसा केली आणि लक्ष्मीबाईंना किल्ला सोडावा लागला, तेव्हा महिना ५,००० रुपयांच्या तनख्यावर त्या इथे राहायला आल्या. दुमजली, सपाट छताचा, मधे चौक असलेला वाडा. वरच्या दालनाच्या छतावर आणि भिंतींवर रंगवलेली वेलबुट्टी आहे. १८५८ च्या एप्रिलमध्ये इंग्रज शहरात शिरले तेव्हा घरोघर काय झालं, ते पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवलं आहे, ते त्या वेळी झाशीतच होते. राणीमहालाचंही त्या काळात बरंच नुकसान झालं.

आज हा वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि आत संग्रहालय आहे. गंमत अशी, की आत गेल्यावर राणीचं पलंग-पालखी असं काही दिसेल म्हणून माणूस जातो आणि समोर उभ्या असतात नवव्या ते बाराव्या शतकातल्या, बुंदेलखंडातून आणलेल्या दगडी मूर्ती. मला हा वापर आवडतो. चौक आणि त्याच्या चारी बाजूंच्या ओसऱ्या मूर्ती ठेवायला अगदी योग्य आहेत: ऊन तिरपं येतं, भिंती न फोडता मांडणी होते, जड दगड तळमजल्यावर राहतो. घराला जे झेपतं तेच काम त्याला दिलं आहे.

पण राणीमहाल हे उदाहरण आहे, उपाय नव्हे. गावाला एक राणीमहाल पुरतो. त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत जी साधी जुनी घरं आहेत, त्यांना ना पुरातत्त्व खातं घेणार, ना कोणी तिकीट काढून बघायला येणार. बरं, जुन्या झाशीतून वजनदार माणसं आणि पैसा बाहेर जाण्याची प्रक्रिया आजची नाही. १८५८ नंतर छावणी वाढली, तिचा सदर बाजार वाढला. १८६१ मध्ये शहर शिंद्यांकडे गेलं आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत इंग्रजांकडे आलं. त्याच सुमाराला रेल्वे आली, नंतर रेल्वेचा कारखाना आला, आणि सीपरी बाजाराकडची वस्ती वाढली. तटाच्या आतलं शहर हळूहळू मालाच्या उलाढालीची जागा उरलं, राहण्याची राहिली नाही.

म्हणूनच आपल्याकडची रिकामी जागा ओळखायला चुकते. अमेरिकेतल्या मंदावलेल्या शहरात रिकामेपण रस्त्यावरून दिसतं: काचेवर कागद चिकटवलेली दुकानं, भाड्यानं देण्याच्या पाट्या. आपल्या बाजारपेठेत तळाचं दुकान चालू असतं, गिऱ्हाईक असतं, फुटपाथवर टोपल्याही असतात. मान वर करून बघा. पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या एका झडपेला बिजागरी नाही, सज्ज्यात पिंपळ आलाय, दुसऱ्या मजल्यावर कबुतरं. झाशीचा माणिक चौक असो, ग्वाल्हेरचं लष्कर असो की पुण्याच्या पेठा, चित्र तेच.

वर कुलूप का? माझ्या अनुभवात तीन कारणं सापडतात, आणि त्यात ‘कल्पना सुचत नाही’ हे कारण कुठेच नसतं.

पहिलं कारण कायदा, किंवा कायद्याची जुनी भीती. उत्तर प्रदेशात १९७२ चा भाडेनियंत्रण कायदा होता. त्यात अशी तरतूद होती, की त्याखाली येणारी जागा रिकामी झाली की मालकानं जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं आणि ती कोणाला द्यायची याचा आदेश तिथून निघायचा. मालकाला स्वतःसाठी हवी असेल तर त्याला अर्ज करून सोडवून घ्यावी लागे. आता सांगा, अशा वेळी शहाणा मालक काय करेल? जागा रिकामी आहे असं दिसूच द्यायचं नाही. दोन पलंग, एक कपाट ठेवायचं, कुलूप लावायचं, ‘घरच्यांचं सामान आहे’ म्हणायचं. दोन पिढ्या हे अंगवळणी पडलं. २०२१ मध्ये उत्तर प्रदेशात नवा भाडेकरू कायदा आला. लेखी करार, त्याची भाडे प्राधिकरणाकडे नोंद, भाडेवाढ राहत्या जागेला वर्षाला ५ टक्के आणि धंद्याच्या जागेला ७ टक्के, अनामत राहत्या जागेला २ महिन्यांची आणि धंद्याच्या जागेला ६ महिन्यांची, असं त्यात आहे. कायदा बदलला, काकांच्या डोक्यातला १९७२ मात्र तसाच आहे. महाराष्ट्रातही पगडीची घरं बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं कारण वारस. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन ४० वर्षं झाली, हिस्सेदार ११, त्यांतले ३ परदेशात. घरपट्टीची पावती अजूनही आजोबांच्याच नावानं फाडली जाते आणि सगळ्यांना त्यातच समाधान. ज्याला आपण वारसनोंद म्हणतो त्याला तिकडे नामांतरण किंवा दाखिल-खारिज म्हणतात. ते झाल्याशिवाय बँक उभी करत नाही आणि चांगला भाडेकरूही सही करत नाही. जवळच्या नात्यात दानपत्र करायचं तर ५,००० रुपयांच्या मुद्रांकावर करण्याची सवलत उत्तर प्रदेशात २०२२ मध्ये आली. मधे तिच्यात खंड पडला, अटीही बदलल्या, म्हणून जाताना उपनिबंधक कार्यालयात त्या दिवशीचा नियम विचारून जा. एवढं मात्र नक्की, की कागद नीट करायला जितकी वर्षं लावाल तितके हिस्सेदार वाढतात.

तिसरं कारण ऐकून लोक हसतात. जिना. जुन्या घरांत वर जाण्याची वाट पुष्कळदा दर्शनी दालनातून होती. त्या दालनाचा गाळा झाला, गाळा भाड्यानं गेला, आणि जिना दुकानदाराच्या ताब्यात गेला. त्यानं पायऱ्यांवर खोकी रचली. झाला वरचा मजला बंद. मी घर बघायला गेले की नकाशा मागत नाही, आधी जिना कुठे आहे ते विचारते. स्वतंत्र जिना असेल तर त्या घराला आशा आहे. नसेल तर मागच्या चौकातून नवा काढता येतो का, हा पहिला खर्च.

या तिन्ही गाठी सुटेपर्यंत घर थांबत नाही, हे लक्षात घ्या. बंद घर वापरातल्या घरापेक्षा लवकर मरतं. कारण साधं आहे. कोणी राहत असेल तर पहिल्या पावसात कुठे गळतं ते कळतं, पन्हळ साफ होते, पिंपळाचं रोप दोन पानांचं असतानाच उपटलं जातं. बुंदेलखंडात जुन्या घरांची छतं लांब दगडी फरशांची असतात, तिकडे त्यांना पटिया म्हणतात. लाकूड आधी वाकतं, करकरतं, सूचना देतं. दगडी पट्टी मात्र चीर गेल्यावर फार सूचना देत नाही. त्यात कोणीतरी चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केलेला असतो. ओल बाहेर पडायची थांबते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. पावसाळ्यापूर्वी नगर निगम ‘जर्जर भवन’ म्हणून नोटिसा काढते, आणि त्या इमारतीच्या खाली दिवसभर दुकानात माणसं बसलेली असतात. रिकाम्या मजल्याचा प्रश्न फक्त मालकाचा नाही तो एवढ्यासाठी.

मग करायचं काय? इथे मला ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल गावाची गोष्ट उपयोगी वाटते. पोलादाच्या कारखान्याचं गाव. १९८९ मध्ये भूकंप झाला, १९९९ मध्ये कारखाना बंद झाला, आणि मुख्य रस्ता ओस पडला. मार्कस वेस्टबरी नावाच्या तिथल्याच माणसानं मुख्य रस्त्यांवरच्या रिकाम्या जागा मोजल्या, त्या १५० च्या आसपास भरल्या. २००८ मध्ये त्यानं ‘रिन्यू न्यूकॅसल’ नावाची संस्था काढली. तिनं एकही इमारत विकत घेतली नाही, एकही बांधली नाही. तिनं कागद बदलला. मालकाला भीती असते ती भाडेकरू बसून राहण्याची, म्हणून भाडेपट्टा न करता महिन्या-महिन्यानं पुढे चालणारा फक्त वापराचा परवाना. चांगला भाडेकरू मिळाला तर ३० दिवसांत जागा मोकळी. तोवर दागिने घडवणारे, छायाचित्रकार, छोटे छपाईवाले अशी मंडळी जवळपास फुकट बसणार, दिवे लावणार, जागा झाडून ठेवणार.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? बरोबर आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला ‘लिव्ह अँड लायसन्स’ आणि ११ महिने हे शब्द पाठ आहेत. वापराचा परवाना म्हणजे काय, याची व्याख्या आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातच दिलेली आहे. न्यूकॅसलनं जे केलं त्याचं हत्यार आपल्या घरात आहे. आपण ते राहत्या फ्लॅटसाठी वापरतो, बाजारातल्या बंद खोलीसाठी नाही. प्रत्येक राज्यात त्याची नोंदणी वेगळी, म्हणून कागद त्या गावच्या वकिलाकडूनच करून घ्या. पुण्याचा नमुना झाशीत चालवू नका.

आता वापराचं. आपल्याकडे जुन्या घरांना नवं काम देण्याची परंपरा उत्तम आहे, फक्त तिला कोणी मोठं नाव दिलं नाही. पुण्यातला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानं राहायला बांधला; १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ च्या आगीत अर्धा जळाला, पुन्हा उभा राहिला, मग नगरपालिकेची कचेरी त्यात अनेक वर्षं होती. न्यू इंग्लिश स्कूल नाना फडणवीसांच्या वाड्यात भरली. टिळकांनी १९०५ मध्ये गायकवाडांचा वाडा घेतला आणि ‘केसरी’ तिथून निघू लागला. यांतल्या कोणी वाड्याचं जतन करण्यासाठी तो वापरला नाही. जागा हवी होती, वाडा होता. तशीच ओरछ्याची: जहांगीर महालाला लागून असलेल्या शीशमहालात मध्य प्रदेश पर्यटनाचं हॉटेल आहे, झाशीहून १५-२० किलोमीटरवर. लोक हॉटेलचं उदाहरण लगेच उचलतात. ‘आमच्या वाड्याचं हेरिटेज हॉटेल करू’ हे मी इतक्यांदा ऐकलंय! मंडळी, गल्लीत गाडी शिरत नाही, प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम काढताना भिंती जातात, आणि बाजार सकाळी सातला सुरू होतो. शंभरातल्या एखाद्या घराला हॉटेल साधेल.

बाकीच्यांना काय साधतं, ते रस्त्यावर बघावं. पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठांत अभ्यासिका आहेत. उत्तर प्रदेशात त्यालाच ‘लायब्ररी’ म्हणतात. पुस्तकं नसतात, टेबल-खुर्ची, पंखा, वायफाय आणि शांतता असते, आणि स्पर्धापरीक्षेची मुलं महिन्याचे पैसे भरून बसतात. वरच्या मजल्याला हा वापर चांगला, रस्त्यावरचं गिऱ्हाईक लागत नाही. झाशीची दुसरी खास गोष्ट म्हणजे कापडी खेळणी. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत झाशीच्या नावावर सॉफ्ट टॉईज आहेत. शिवणयंत्रं हलकी, उजेड हवा, बायकांना घराजवळ जागा हवी: वरच्या सज्ज्याच्या खोल्या यासाठी जणू केलेल्याच.

आणि इथेच मी तुम्हाला थांबवणार आहे. २४ मे २०१९ ला सुरतेच्या तक्षशिला इमारतीत आग लागली. सगळ्यात वर शिकवणी होती, वर जायचा लाकडी जिना आगीत गेला, २२ मुलं गेली. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या राजेंद्रनगरात तळघरातल्या लायब्ररीत पाणी शिरून ३ विद्यार्थी बुडाले. दोन्ही जागा ‘रिकामी होती, वापरात आणली’ अशाच होत्या. झाशीनंही २०२३ च्या जुलैत सीपरी बाजारातल्या शोरूमच्या आगीत माणसं गमावली. म्हणून वापर ठरवण्याआधी मी तीन गोष्टी बघते. खाली उतरायला दुसरी वाट आहे का. शेजारच्या गच्चीवर जाणारी का होईना, पण कायम उघडी. मजल्याला वजन झेपतं का. राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, पुस्तकांच्या साठ्याला किमान ६००, म्हणजे अभ्यासिका चालेल पण खरं ग्रंथालय वर नको. आणि वीज: खालच्या दुकानाच्या मीटरवरून ओढलेली वायर असेल तर आधी ती काढा. खेळण्यांत भरायचा फायबरचा कापूस भराभर पेटतो, तेव्हा शिवण वर, साठा मात्र दुसरीकडे.

हे सगळं एका घरात कसं जमलं ते सांगते, नावं बाजूला ठेवून. बडा बाजारच्या बाजूचं एक मराठी घर. खाली ३ गाळे, त्यांतला एक बंद. वर ७ खोल्या, त्यांत ७६ वर्षांच्या काकू एकट्या, मागच्या दोन खोल्यांत. बाकीचे हिस्सेदार पुण्यात, नागपुरात आणि न्यूजर्सीत. मला बोलावलं ते छताच्या एका पट्टीला चीर गेली म्हणून. ती पट्टी नेमकी चालू गाळ्याच्या वरची; दुकानदाराची दोन मुलं दुपारी तिथेच गृहपाठ करायची. काकू म्हणाल्या, “अगं, आमच्यातलं कोणी विकायला तयार नाही आणि कोणी राहायलाही तयार नाही. मी गेल्यावर मात्र सगळे येतील बघ.”

पहिल्या महिन्यात आम्ही वापराचा विषय काढलाच नाही. चिरलेल्या पट्टीखाली लोखंडी तुळई दिली, पन्हळी साफ केल्या, सज्ज्यातला पिंपळ मुळासकट काढला. मग दुकानदाराशी बोलणं झालं: त्यानं जिन्यावरची खोकी उचलायची, त्याबदल्यात बंद गाळ्याची मागची अर्धी जागा त्याला सामानाला. त्याला ते आनंदानं चाललं. मागच्या चौकातून लोखंडी जिना काढला, ती झाली दुसरी वाट. पुण्याच्या पुतण्याच्या नावानं बाकीच्यांनी मुखत्यारपत्र दिलं; न्यूजर्सीचं यायला चार महिने लागले. पुढच्या चार खोल्या खेळणी शिवणाऱ्या बायकांच्या एका गटाला ११ महिन्यांच्या कागदावर दिल्या आणि गाळ्याची पुढची बाजू त्यांच्या विक्रीला.

भाडं ठरवताना मला वाटलं होतं घासाघीस होईल. त्या बायकांनी भाड्याबद्दल फारसं काही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, संडास कुठे आहे, त्याला आतून कडी आहे का, आणि संध्याकाळी जिन्यावर दिवा असतो का. संडास काकूंचाच एक होता. दुसरा बांधायला ड्रेनेजची लाईन शेजारच्या भिंतीखालून न्यावी लागली, आणि साऱ्या कामात सगळ्यात जास्त वेळ त्या शेजाऱ्याची परवानगी मिळवण्यात गेला.

भाड्यातून घराचा नफा होत नाही. वर्षाची डागडुजी आणि घरपट्टी निघते, थोडं उरतं ते काकूंना. नागपूरच्या भावाला अजूनही विकायचंच आहे, आणि त्याचंही चूक नाही; त्याच्या मुलीचं शिक्षण आहे. पुढचा करार संपायच्या आधी दाखिल-खारिज पूर्ण करून मग सगळ्यांनी बसायचं, असं ठरलंय. सध्या काकू सकाळी दहाला पुढचा दरवाजा स्वतः उघडतात, आणि शिवणाचे तुकडे पन्हळीत पडू देऊ नका म्हणून रोज ओरडतात.